खांद्यातला ठिपका

पत्र :

'डॉक्टर, माझी आई ६२ वर्षांची. सव्वादोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या बाजूच्या मोठ्या आतड्याचा कॅन्सर ऑपरेशन करून काढला. तीन लिम्फ नोडमध्ये (लसिकाग्रंथींमध्ये) तो पोचला होता, म्हणून सहा महिने केमो झाली. नंतर सगळं ठीक होतं. या वर्षी रक्तातला सीईए, म्हणजे कॅन्सर परतल्याची चाहूल देणारा आकडा, २.८ वरून ९ वर गेला, मग २१ वर. छाती-पोटाचा सीटी साफ आला, म्हणून दहा दिवसांपूर्वी पेट-सीटी केला. त्यात लिव्हर आणि फुप्फुसं साफ आहेत, पण डाव्या खांद्याच्या मागच्या हाडात एक ठिपका आणि छातीच्या मध्यभागी दोन लिम्फ नोड चमकतायत. एक डॉक्टर म्हणतात लगेच केमो सुरू करू, दुसरे म्हणतात आधी बायॉप्सी. आत्या म्हणते, सुई लावली की कॅन्सर पसरतो. आतड्याचा कॅन्सर खांद्यात कसा जाईल? वहिनीला पाचवा महिना आहे, किरणांच्या भीतीने तिला माहेरी पाठवलंय. आईला काय आणि किती सांगायचं तेही कळत नाही. महिनाभर तिचं डोकं दुखतंय, पण भाऊ म्हणतो अख्ख्या अंगाचा स्कॅन झालाय, डोक्यात काही असतं तर दिसलं असतं. नाव-गाव छापू नका.'
— एक मुलगी, मिरजेजवळून

ताई,

डोकेदुखीचं तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. मी तिथूनच सुरुवात करते, कारण या आठवड्यातलं पहिलं काम तेच आहे.

तुमच्या भावाचा समज चुकीचा आहे, पण तो त्याचा दोष नाही. या तपासणीला सगळीकडे 'होल बॉडी पेट-सीटी' म्हणतात, मग माणूस तसंच समजणार. रिपोर्टचा पहिला परिच्छेद काढून बघा. बहुतेक तिथे 'स्कल बेस टू मिड थाय' असं लिहिलेलं असेल. म्हणजे कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंत. आतड्याच्या कॅन्सरसाठी नेहमी एवढाच भाग घेतात. मेंदू त्यात आलेला नसतो, गुडघे आणि पोटऱ्याही नसतात.

आणि समजा डोकं घेतलं असतं, तरी अडचण होतीच. पेटमध्ये आपण किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतो. कॅन्सरच्या पेशी साखर भराभर ओढून घेतात, म्हणून त्या फोटोत चमकतात. पण शरीर विश्रांतीत असताना जेवढी ऊर्जा खर्च होते, तिचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू वापरतो आणि त्याचं मुख्य इंधन साखरच आहे. त्यामुळे निरोगी मेंदूसुद्धा पेटमध्ये झगझगीत दिसतो. त्या उजेडात लहानशी गाठ ओळखणं म्हणजे भर दुपारच्या उन्हात पणती शोधण्यासारखं आहे. (हे वाचून आत्याबाई घरातली साखर बंद करायला सांगतील, तर तसं करू नका. शरीर भाकरीतूनही साखर बनवतं. आईला उपाशी ठेवून गाठ उपाशी राहत नाही, आईच खंगते.)

मेंदूसाठी वेगळा एमआरआय लागतो, आणि तो कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोत गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून दिलेलं औषध, देऊन करायचा. आतड्याचा कॅन्सर मेंदूत जाण्याचं प्रमाण कमी आहे, शंभरात दोन-तीन रुग्णांत. महिनाभराच्या डोकेदुखीमागे चष्म्याचा नंबर, रक्तदाब, झोप उडणं अशी साधी कारणंही असू शकतात. पण सीईए वाढत असताना नव्याने सुरू झालेली आणि न थांबणारी डोकेदुखी दुकानातल्या गोळीवर काढायची नसते. दुखणं पहाटे जास्त असतं का, उलटी होते का, चालताना तोल जातो का, हे आईला विचारा. तोल जाण्याचं मुद्दाम विचारा, कारण आतड्याच्या कॅन्सरच्या गाठी मेंदूत गेल्याच तर मागच्या बाजूच्या लहान मेंदूत बऱ्याचदा सापडतात. फिट आली, बोलणं अडखळलं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्या. आतड्याच्या ऑपरेशनमध्ये लावलेले स्टेपल एमआरआयला सहसा आड येत नाहीत, पण ऑपरेशनचा कागद बरोबर ठेवा. पेसमेकर असेल तर आधी सांगा. किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन अलीकडे तपासलं नसेल तर तेही करून घ्या.

आता खांद्याकडे येते.

आतड्याचं खांद्यात कसं जाईल, हा तुमचा प्रश्न एकदम रास्त आहे. आतड्यातलं रक्त आधी पोर्टल शिरेतून लिव्हरमध्ये जातं. निसटलेल्या पेशींना पहिलं स्टेशन लिव्हरचं लागतं, पुढचं फुप्फुसाचं. म्हणून आम्ही आधी तिथेच बघतो. गुदाशयाच्या अगदी खालच्या भागाचं रक्त मात्र लिव्हरला वळसा घालून थेट मोठ्या शिरेत जातं, म्हणून तिथला कॅन्सर कधी कधी लिव्हर सोडून फुप्फुसात दिसतो. तिसरा एक रस्ता मणक्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्याचा. या शिरांना झडपा नसतात. खोकताना, कुंथताना पोटातला दाब वाढला की रक्त त्यांच्यात उलटंही वाहू शकतं. अमेरिकेतल्या ऑस्कर बॅटसन या शरीररचनातज्ज्ञाने १९४० साली हे दाखवून दिलं. त्या वाटेने पेशी लिव्हर आणि फुप्फुस दोन्ही टाळून कण्यात, कवटीत जाऊन बसू शकतात. त्यामुळे हाड, मेंदू, थायरॉइड, स्नायू, बेंबीजवळची कातडी, बायकांमध्ये अंडाशय, अशा ठिकाणी आतड्याचा कॅन्सर सापडल्याच्या नोंदी आहेत. खांद्याच्या मागच्या चपट्या हाडात तो जाऊच शकत नाही, असं मी म्हणणार नाही.

पण असा आडवळणाला गेलेला कॅन्सर बहुतेक वेळा एकटा नसतो. हाडात गेलेला असतो तेव्हा लिव्हरमध्ये किंवा फुप्फुसातही काहीतरी असतं. तुमच्या आईची लिव्हर साफ, फुप्फुसं साफ, आणि हाडात मात्र एकच ठिपका. हे चित्र नेहमीचं नाही, आणि म्हणूनच फक्त फोटोवर विसंबून केमो सुरू करणं मला पटत नाही. बायॉप्सी सांगणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूने मी आहे.

पेटमध्ये दिसते ती जागा. त्या जागी साखर जास्त खाल्ली जातेय, एवढंच तो फोटो सांगतो. कोण खातंय ते सांगत नाही. कॅन्सर खातो, पू झालेली जखम खाते, भरून येणारं मोडलेलं हाडही खातं. आईला विचारा, गेल्या दोन-तीन महिन्यांत न्हाणीघरात घसरली होती का, खांद्यावर पडली होती का. अशा गोष्टी बायका घरात सांगत नाहीत. आणि आपल्या देशात या यादीत सर्वांत वर येतो तो टीबी. टीबीचे नोड पेटमध्ये कॅन्सरइतकेच, कधी त्याहून जास्त चमकतात. रिपोर्टमध्ये 'एसयूव्ही' म्हणून एक आकडा असतो, त्या जागेने किती साखर ओढली ते सांगणारा, तो किती जास्त आहे यावरून लोक घाबरतात. त्या आकड्यावरून टीबी आणि कॅन्सर वेगळे करता येत नाहीत. छातीच्या मध्यभागचे नोड तर टीबीची आवडती जागा.

काही वर्षांपूर्वी एका शेतकरी बाबांचा पेट मी वाचला होता. आतड्याचाच कॅन्सर, ऑपरेशन झालेलं, छातीत नोडची माळ चमकत होती. घरच्यांनी जमिनीच्या वाटण्यांचं बोलायला सुरुवात केली होती. नोडमधून सुईने नमुना घेतला तर टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि पुढच्या स्कॅनला माळ विझली होती. त्यांना तपासणीआधीच केमो दिली असती, तर प्रतिकारशक्ती उतरून तोच टीबी अंगभर उसळला असता. म्हणून मी यात इतकी हट्टी आहे.

सुईने कॅन्सर पसरतो ही आत्याची भीती जुनी आहे, आणि ती प्रेमातून आलेली आहे. सुईच्या वाटेवर पेशी सांडल्याची उदाहरणं आहेत, पण ती फार थोडी. काही मोजक्या प्रसंगी, जसं लिव्हरमधली एकच गाठ ऑपरेशनने पूर्ण निघणार असेल तेव्हा, सर्जन स्वतःच आधी सुई लावायला नको म्हणतात. तुमच्या आईची गोष्ट तशी नाही. इथे उपचार कोणता द्यायचा हेच सुईवर ठरणार आहे. उपचार चुकीचा मिळण्याचा धोका सुईच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. आत्याला हे सांगताना तिच्यावर आवाज चढवू नका, तिला डॉक्टरांपुढे बसवा आणि तिलाच विचारू द्या.

सुई कुठे लावायची? खांद्याच्या हाडातून सीटीच्या मदतीने नमुना घेता येतो. छातीतल्या नोडसाठी श्वासनलिकेतून दुर्बीण घालून, तिच्या टोकाच्या सोनोग्राफीवर बघत नमुना घेतात, त्याला ईबस म्हणतात. इथे एक सापळा आहे, त्याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला. नोड टीबीचे आणि हाडातला ठिपका कॅन्सरचा, असं एकाच माणसात असू शकतं. एका जागेचं उत्तर दुसऱ्या जागेला लावून चालत नाही. शक्य असेल तर दोन्ही जागांचा नमुना घ्यावा, नाहीतर निदान हाडाचा तरी, कारण कॅन्सर पसरला की नाही याचा मोठा निर्णय त्यावर ठरणार आहे.

आणि बायॉप्सीच्या दिवशी एक गोष्ट तुम्ही स्वतः विचारायचीच आहे. नमुना सहसा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकतात. पॅथॉलॉजीसाठी ते बरोबर आहे, पण फॉर्मॅलिनमध्ये टीबीचे जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची तपासणी, करता येत नाही. म्हणून 'थोडा नमुना साध्या सलाइनमध्ये वेगळा ठेवा, टीबीचं कल्चर आणि जीनएक्स्पर्ट करायचंय,' असं आधीच सांगा. (जीनएक्स्पर्ट म्हणजे टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी झटपट तपासणी.) गर्दीच्या दिवशी हे राहून जातं आणि मग पुन्हा सुई लावायची वेळ येते. पॅथॉलॉजिस्टला जुन्या ऑपरेशनचा रिपोर्ट द्या, जमलं तर जुने ब्लॉकही, म्हणजे मेणात जपून ठेवलेले तेव्हाचे नमुने. सीडीएक्स-टू, सीके-ट्वेंटी अशा खास रंगचाचण्यांवरून हा नमुना आतड्यातूनच आलाय का, ते बऱ्याचदा सांगता येतं.

तो जुना रिपोर्ट घरी असेल तर आजच काढून वाचा. त्यात 'म्युसिनस' किंवा 'सिग्नेट रिंग' असे शब्द आहेत का बघा. असतील तर पेट वाचणाऱ्यांना ते कळवा, कारण या प्रकारांत पेशींपेक्षा चिकट स्राव जास्त असतो, साखर कमी ओढली जाते आणि गाठ असूनही पेट मंद दिसू शकतो. हेच प्रकार पोटाच्या आतल्या पडद्यावर आणि आडवळणाच्या जागी जायलाही जास्त धजावतात.

इथे मला एक कडू गोष्ट लिहावी लागतेय. २.८, ९, २१ ही चढण मला आवडलेली नाही. एखाददुसऱ्या वेळी सीईए थोडा वर-खाली होतो, वेगळ्या लॅबमध्ये केला तरी आकडा बदलतो. तीनही एकाच लॅबमधले आहेत का, ते बघा. पण सलग इतका चढ असेल तर कॅन्सर कुठेतरी पुन्हा जागा झाल्याची शंका धरावीच लागते. टीबीने हा चढ सहसा समजावता येत नाही. म्हणजे नोड टीबीचे निघाले तर आनंद करा, टीबीची औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात तीही सुरू करा, पण सीईएचा प्रश्न तिथे मिटला असं समजून फाइल बंद करू नका. मग पुढचा शोध घ्यावा लागेल. ऑपरेशननंतरची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून बघणं, झाली आहे का? पत्रात तिचा उल्लेख नाही. आतड्याच्या जोडाजवळ पुन्हा काही उगवलंय का, हे पेटवर नीट कळत नाही, कारण आतडं मुळातच थोडंफार चमकतं, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर फारच. लिव्हरमधल्या अगदी बारीक गाठी पेटपेक्षा लिव्हरच्या एमआरआयमध्ये चांगल्या दिसतात. आठ-दहा मिलिमीटरपेक्षा लहान काही असेल तर पेट त्याला चुकवू शकतो. अंडाशयांचंही विचारा.

एक काम घरातच होईल. आईचे ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे सगळे स्कॅन गोळा करा. नुसते कागद नकोत, सीडीही हव्यात. छातीतले ते दोन नोड दोन वर्षांपूर्वीच्या सीटीतही एवढेच होते का? असतील, त्यांच्यात कॅल्शियम साठलेलं असेल, तर ते जुन्या आजाराचे डाग असण्याची शक्यता वाढते. जुनी सीडी हातात असली की माझ्यासारखीला जे पाच मिनिटांत कळतं, ते ती नसली की तीन महिने थांबून पुन्हा स्कॅन करून कळतं. बऱ्याच घरांतून रिपोर्ट जपून ठेवलेला असतो आणि सीडी मुलांच्या खेळण्यांत गेलेली असते.

ठिपका कॅन्सरचाच निघाला तर? तर एकाच हाडात असलेल्या गाठीवर नेमका मारा करणारं रेडिएशन देता येतं. केमो कोणती द्यायची हे ठरवायला त्या नमुन्यावर रास, बीराफ आणि एमएसआय या, गाठीच्या जनुकांतले बदल बघणाऱ्या, तपासण्या करतात. हे पुढचं पान आहे, आज त्यावर जास्त लिहीत नाही. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या हॉस्पिटलात काय काय बसतं, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, आणि तपासणी करण्याआधी विचारा.

वहिनीला परत आणा. पेटच्या औषधाची ताकद दर ११० मिनिटांनी निम्मी होते. चोवीस तासांत आठ हजारांतला जेमतेम एक भाग उरतो, शिवाय बरंच लघवीवाटे निघून जातं. तपासणीच्या दिवशी गरोदर बाई आणि तान्ही मुलं यांच्यापासून दूर राहायला सांगतात ते बरोबरच आहे, पण ते त्या दिवसापुरतं. तुमच्या आईच्या अंगात आज त्यातलं काहीही नाही. सीटी आणि एमआरआय झाल्यावर तर अंगात किरण उरतच नाहीत. घरात सून नाही, याचं कारण आपण, असं आईला वाटत असेल तर ते दहा दिवस तिला फार जड गेले असतील.

त्यावरूनच आईला काय सांगायचं ते सुचतं. तिने डोकेदुखी महिनाभर अंगावर काढली. कुणाला त्रास नको म्हणून सांगितली नसेल, किंवा आता सगळं बरं झालंय असंच तुम्ही तिला भासवत असाल. मी फोटो वाचते, पण कुठे बघायचं ते मला रुग्णाच्या तोंडूनच कळतं. एका बाईंचा पेट मी वाचला होता, साफ आला, मी तसंच लिहिलं. त्यांचा गुडघ्याखाली पाय दुखत होता, घरचे संधिवात समजून तेल चोळत होते. गाठ नडगीच्या हाडात होती, स्कॅनच्या हद्दीच्या खाली. माझ्या रिपोर्टमध्ये खोटं काही नव्हतं, पण मी त्यांना भेटले नव्हते आणि विचारलंही नव्हतं. तेव्हापासून इंजेक्शन देण्याआधी मी प्रत्येकाला विचारते, 'कुठे दुखतंय? बोट ठेवून दाखवा.' ज्याला आपल्याला काय झालंय हेच माहीत नाही, तो बोट कुठे ठेवणार?

तेव्हा आईजवळ बसा आणि जेवढं खरं माहीत आहे तेवढं सांगा. 'रक्तातला एक आकडा वाढलाय. खांद्यात आणि छातीत काहीतरी दिसतंय, ते काय आहे अजून कळलेलं नाही. ते कळायला सुई लावायची आहे, आणि डोकं दुखतंय म्हणून डोक्याचा फोटो काढायचा आहे.' यात खोटं काही नाही, आणि अजून न ठरलेलंही काही नाही. मग तिला विचारू द्या. ती किती विचारते यावर पुढचं किती सांगायचं ते ठरवा. पाठीत नव्याने दुखायला लागलं, पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर मध्यरात्रीसुद्धा तुम्हाला उठवायचं, हे तिच्याकडून कबूल करून घ्या. मणक्यावर दाब आला असेल तर तासातासाने फरक पडतो.

आणि एमआरआयला नेण्याच्या आदल्या रात्री तिला सांगा की खोलीत जाताना अंगावर धातूचं काही चालत नाही. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र, सगळं काढावं लागेल. ऐन दारात टेक्निशियनने 'काढा' म्हटल्यावर कित्येक आज्या तिथेच रडायला लागलेल्या मी पाहिल्यात, आणि मग आत गेल्यावर त्यांचं अंग थरथरतं आणि फोटो हलतो. मंगळसूत्राच्या जागी हळकुंड दोऱ्यात ओवून गळ्यात बांधून आणा. दोरा सुती हवा, जरीचा नको. टेक्निशियनला तेवढा दाखवा, त्याची अडचण होणार नाही.